बहात्तर गावांचं राज्य

माझी आजी ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेली नाही. तिचा जन्म आटपाडी तालुक्यातल्या एका गावात झाला, १९३० च्या दशकात, आणि आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. इंग्रज होता, पण थेट डोक्यावर नव्हता. मध्ये पंत होते. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. आजीच्या तोंडी ‘पंतसरकार’. “सरकार आलं की आदी नमस्कार घालाया लावायचं, मग खाऊ,” ही तिची राजाबद्दलची पहिली आठवण. दुसरी आठवण जास्त कामाची आहे. तिचे वडील गावाचे पंच होते. पाटील नव्हते, कुलकर्णी नव्हते, सावकार तर नव्हतेच. निवडून आलेले पंच होते. साल विचारलं तर ती सांगू शकत नाही, पण स्वातंत्र्य मिळायच्या आधी, एवढं नक्की.

हे ऐकून मी पहिल्यांदा हिशेब केला. १९४७ च्या आधी, माणदेशातल्या कोरडवाहू गावात, एका बेताच्या शेतकऱ्याला लोकांनी निवडून दिलं आणि त्याच्या हातात गावाच्या पैशाचा काही भाग आला? हे कोणत्या कायद्यानं? तो कायदा शोधताना मी सातारा-सांगलीतून निघून फिलाडेल्फियापर्यंत पोचलो.

औंध संस्थान नकाशावर बघायला गेलात तर सलग तुकडा सापडत नाही. औंध आज सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. किन्हई कोरेगावच्या बाजूला. कुंडल सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात. आटपाडी माणदेशात. आणि गुणदाळ तर आज कर्नाटकात, विजापूरकडे. मधल्या जागेत इंग्रजांचा मुलूख, नाहीतर दुसऱ्या कुणाचं संस्थान. सगळं मिळून ५०१ चौरस मैल, ७२ गावं आणि १९४१ साली ८८ हजारांच्या आसपास माणसं. साताऱ्याच्या छत्रपतींचे प्रतिनिधी म्हणून मिळालेली जहागीर, १८२० साली कंपनीशी झालेला करार, आणि १८४९ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झाल्यावर थेट इंग्रजांच्या छत्राखाली, असा हा प्रवास. शेवटी शेवटी कोल्हापूरला बसणारा रेसिडेंट या सगळ्या छोट्या दक्षिणी संस्थानांवर नजर ठेवायचा.

राजा मात्र मजेशीर होता. चित्रं काढायचा, कीर्तन करायचा, संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते आणि त्यावर इंग्रजीत पुस्तकही काढलं. यमाईच्या डोंगरावर त्यानं १९३८ मध्ये संग्रहालय उघडलं. त्यात हेन्री मूरचं शिल्प आहे. खटाव तालुक्यात हेन्री मूर! मी दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा त्या खोलीत माझ्याशिवाय फक्त पहारेकरी होता. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचली असेल तर तालमीच्या उद्घाटनाला येणारे पंतसरकार आठवतील. ते हेच.

राजाचा मुलगा आप्पा पंत. ऑक्सफर्डला शिकला, बॅरिस्टर होऊन परत आला, डोक्यात लोकशाही. आणि त्याला भेटला मॉरिस फ्रीडमन. हा पोलंडमधला ज्यू, पेशानं इंजिनिअर, बंगळूरच्या सरकारी विजेच्या कारखान्यात कामाला. गांधींच्या नादानं चरख्याचं डिझाइन सुधारायला लागला, भगवे कपडे घालायला लागला, भारतानंद नाव घेतलं. पुढे मुंबईत खेतवाडीच्या निसर्गदत्त महाराजांची मराठीतली बोलणी इंग्रजीत आणून जगभर पोचवणारा माणूस हाच. आमच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकून लोक यूपीएससी करतात, स्टँडअप करतात, कॅफे काढतात. संविधान लिहिणारा मात्र मला हा एकच माहीत आहे.

नोव्हेंबर १९३८ मध्ये, वयाची सत्तरी गाठलेल्या राजानं जाहीर केलं की राज्याचा कारभार तो प्रजेच्या हाती देणार.  शेजारच्या बऱ्याच संस्थानांत प्रजापरिषदा जबाबदार राज्यपद्धतीसाठी भांडत होत्या, राजे टाळाटाळ करत होते, आणि इथं राजाच देऊन मोकळा होत होता. आप्पा आणि फ्रीडमन मसुदा घेऊन सेवाग्रामला गेले. त्यांच्या डोक्यात विलायती धाटणीची विधिमंडळाची रचना होती. गांधींनी ती उलटी केली. सुरुवात वरून नको, गावापासून करा. जानेवारी १९३९ मध्ये ते संविधान लागू झालं.

रचना थोडक्यात अशी होती. गावातल्या मतदारांनी पाच पंच निवडायचे. पंचांनी आपल्यातून अध्यक्ष निवडायचा. गावोगावचे अध्यक्ष मिळून तालुक्याची समिती, तिथून माणसं मध्यवर्ती विधिमंडळात, आणि मंत्री त्या विधिमंडळाला जबाबदार. राजाच्या खासगी खर्चाला मर्यादा. गावातले बरेच तंटे गावातच मिटवायचे. साक्षरतेवर गांधींचा विशेष भर, कारण मत देणाऱ्याला वाचता यावं. आणि मला सगळ्यात भारी वाटलेलं कलम पैशाचं. महसुलाचा निम्मा वाटा गावपातळीवर खर्चायला परत यायचा.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर हक्क दोन तऱ्हेचे असतात. एक, फाइल उघडून बघायचा हक्क. दुसरा, ती बदलायचा हक्क. नागरिकाला पहिला सहज मिळतो. औंधनं १९३९ मध्ये गावाला दुसरा दिला, कारण पैसाही दिला. आजीचे वडील पंच झाले ते या कायद्यानं. त्यांनी काय केलं, असं मी विचारतो तेव्हा आजी म्हणते, “हिरीचा गाळ काढला. आन् दोन भावांचं बांधावरनं भांडान हुतं, ते मिटिवलं.” एवढंच. मला ऐकायला काहीतरी मोठं हवं असतं, पण तिच्याकडे विहीर आणि बांधच आहे.

०००

फिलाडेल्फिया कुठून आलं ते सांगतो. आमचा क्लायंट अमेरिकन असल्यामुळे ४ जुलैला आमच्या टीमला फारसं काम नसतं. अशाच एका ४ जुलैला मी ‘हॅमिल्टन’ ही संगीतिका बघितली आणि मग त्या माणसाच्या मागं लागून सुरुवातीच्या अमेरिकेबद्दल वाचत सुटलो. शाळेत आपण शिकतो ते १७७६, चहाच्या पेट्या, वॉशिंग्टन. शाळा जे सांगत नाही ते असं, की स्वातंत्र्य मिळाल्यावर पहिली काही वर्षं अमेरिका नावाचा देश जवळपास नव्हताच. १३ संस्थानं होती. हो, मी मुद्दाम ‘संस्थानं’ म्हणतोय. जुन्या मराठी पुस्तकांत अमेरिकेला ‘संयुक्त संस्थानं’च म्हणत.

१७८१ मध्ये त्यांचा जो पहिला करार पक्का झाला त्यात मध्यवर्ती काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागायची, राज्यं कधी द्यायची, बऱ्याचदा द्यायची नाहीत. परराष्ट्र धोरणाची तर थट्टाच. १७८५ मध्ये जॉन ॲडम्स अमेरिकेचा पहिला वकील म्हणून लंडनला गेला. ज्या राजाविरुद्ध बंड केलं त्याच तिसऱ्या जॉर्जसमोर उभा राहिला. राजा सभ्यपणे बोलला, पण पुढच्या तीन वर्षांत ॲडम्सच्या हाती व्यापारी करारही लागला नाही. १७८३ च्या तहानुसार जे पश्चिमेकडचे किल्ले इंग्रजांनी सोडायचे होते ते त्यांनी सोडले नाहीत. कारण सांगितलं की तुमची राज्यं आमच्या व्यापाऱ्यांची कर्जं फेडू देत नाहीत, मग तुमच्याशी केलेल्या तहाचा उपयोग काय? आणि इंग्लंडनं आपला वकील अमेरिकेत पाठवला तो थेट १७९१ मध्ये, नवीन संविधान येऊन पक्कं सरकार बसल्यावर. घर एक की तेरा, हे कळेपर्यंत समोरचा माणूस दारात यायलाच तयार नव्हता.

तेव्हा त्यांच्यात वाद झाला तो आपल्या कामाचा आहे. एका बाजूचं म्हणणं होतं की लोकांचं राज्य छोट्या जागेतच टिकतं. जिथं लोक एकमेकांना ओळखतात, प्रतिनिधीला रस्त्यात गाठता येतं, तिथंच. मोठं राज्य म्हणजे उद्याचा राजा. दुसऱ्या बाजूला जेम्स मॅडिसन. २२ नोव्हेंबर १७८७ ला छापलेल्या लेखात त्यानं उलटा युक्तिवाद केला. छोट्या जागेत एक गट पटकन बहुमतात येतो आणि बाकीच्यांना चेपतो. राज्य जेवढं मोठं, तेवढे गट जास्त, आणि तेवढं कुणा एकाला सगळ्यांना दाबणं अवघड.

हे वाचलं तेव्हा मला आमची भावकी आठवली. तुमचं गाव असेल तर तुम्हालाही आठवेल. गावात बहुमत म्हणजे कोण, हे मतदानाच्या आधीच ठरलेलं असतं. कुणाच्या विहिरीवर कुणी जायचं हेही. मॅडिसननं अर्थात गुलामांबद्दल सोयीस्कर मौन पाळलं, तो स्वतः गुलामांचा मालक होता. पण लहान जागेच्या क्रूरतेबद्दल तो जे म्हणतो ते खोटं नाही.

औंध म्हणजे या वादातल्या पहिल्या बाजूचा प्रयोग. ७२ गावं, त्यांतली कित्येक हजारभर वस्तीचीही नाहीत. आणि याला एक संरक्षण होतं जे अमेरिकेला नव्हतं. वर राजा होता, जो स्वतःच प्रयोगाच्या बाजूनं होता. त्याच्याही वर इंग्रज होता, ज्याला प्रयोग आवडला नसला तरी तो थांबवण्याइतका महत्त्वाचा वाटला नाही. औंधला सैन्य पोसायचं नव्हतं, तह करायचे नव्हते, परदेशात वकील पाठवायचा नव्हता. संस्थानांना परस्परांशीसुद्धा राजकारण करायला बंदी होती. सगळा पत्रव्यवहार रेसिडेंटमार्फत. म्हणून ‘औंधचं प्रजासत्ताक’ असं कुणी लिहिलं की मला जरा खटकतं. प्रजासत्ताकाच्या अवघड परीक्षा त्याला द्याव्याच लागल्या नाहीत.

एक परीक्षा मात्र आली. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगलीत, प्रतिसरकार उभं राहिलं. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. क्रांतिसिंह नाना पाटील, किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी. जून १९४३ मध्ये शेणोलीला पगाराची रेल्वेगाडी लुटली, एप्रिल १९४४ मध्ये धुळ्याचा सरकारी खजिना. गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, कमी खर्चात लग्नं लावली. आणि प्रतिसरकारचं एक मुख्य केंद्र कुठं? कुंडलला. औंध संस्थानात. इंग्रजी मुलखातून निघून संस्थानच्या हद्दीत शिरलं की पोलिसांची अडचण व्हायची, हा भूगोल तिथल्या पोराटोरांना पाठ होता. म्हणजे एकाच कुंडलमध्ये एकाच वेळी दोन तऱ्हेचं स्वराज्य नांदत होतं. एक राजानं कागदावर सही करून दिलेलं. दुसरं लोकांनी न विचारता घेतलेलं. औंधच्या कारभाऱ्यांनी तिकडे बघून न बघितल्यासारखं केलं, ही त्या संस्थानाची मला सापडलेली सगळ्यात हुशार परराष्ट्रनीती. जिथं परराष्ट्र खातंच नाही तिथं हद्दीवर डोळे मिटणं हेच धोरण असतं.

०००

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

इंग्रज जाणार हे दिसायला लागलं तेव्हा या छोट्या संस्थानिकांच्या लक्षात आलं की एकेकटे आपण टिकणार नाही. १९४६ पासून हालचाली सुरू झाल्या. गांधींशी सल्लामसलत झाली. ऑक्टोबर १९४७ मध्ये औंध, सांगली, भोर, फलटण, मिरज अशा संस्थानांनी एकत्र येऊन संयुक्त दख्खन राज्याचा करारनामा केला. घटना समितीही ठरली. ही आपली फिलाडेल्फिया! तुकड्यातुकड्यांची संस्थानं, कुणाचं एक गाव इथं, एक तिथं, आणि त्यांचा संघ. कोल्हापूर, सगळ्यात मोठं, त्यात आलं नाही. नकाशा काढला तर भोकं पडलेल्या चादरीसारखा दिसला असता.

ते राज्य टिकलं नाही. प्रजापरिषदेतल्या अनेकांना स्वतःलाच वेगळं राज्य नको होतं. सलग मराठी मुलखात जायचं होतं. दिल्लीला तर छोट्या संस्थानांचं लोढणं नकोच होतं. १९४८ च्या फेब्रुवारीत विलीनीकरणाच्या करारांवर सह्या झाल्या आणि ८ मार्च १९४८ ला ही संस्थानं मुंबई प्रांतात गेली. त्यांत सांगली होतं, औंधही होतं. औंधचं संविधान नऊ वर्षं चालून संपलं.

विलीनीकरण चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. पाच ठिकाणी विखुरलेल्या ७२ गावांचा देश होत नसतो. मला अडतं ते सहीपाशी. त्या करारांचा साचा असा होता की राजा आपले सगळे अधिकार, हुकमत आणि सत्ता भारत सरकारकडे सोपवतो, आणि खाली राजाची सही. बाकी संस्थानांत ते बरोबरच होतं, सत्ता राजाकडंच होती. पण औंधच्या राजानं ती १९३९ मध्ये देऊन टाकली होती. ज्याच्याकडं वस्तू नाही त्याच्याकडून ती लिहून घेतली. ज्यांच्याकडं होती ते पंच, म्हणजे माझे पणजोबा आणि त्यांच्यासारखे शेकडो लोक, त्या कागदावर कुठंच नाहीत. पणजोबांना विचारलं असतं तर ते बहुधा ‘हो’च म्हणाले असते. माझा मुद्दा तो नाहीच.

इथं ऱ्होड आयलंडची गोष्ट बघा. अमेरिकेतलं सगळ्यात चिमुकलं राज्य. १७८७ च्या फिलाडेल्फियाच्या बैठकीला बारा राज्यं गेली, हे गेलंच नाही. मार्च १७८८ मध्ये तिथल्या मतदारांनी नवं संविधान चक्क मत टाकून नाकारलं. एप्रिल १७८९ मध्ये वॉशिंग्टननं अध्यक्षपदाची शपथ घेतली तरी हे बाहेरच. व्यापार तोडण्याच्या धमक्या आल्या. शेवटी २९ मे १७९० ला, ३४ विरुद्ध ३२ मतांनी, ते आत आलं. दोन मतांनी! दबाव होताच, आणि मत द्यायला गुलाम आणि बायका नव्हत्याच. तरी आत येण्याचा निर्णय लोकांनी निवडलेल्या सभेनं घेतला आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या ३२ जणांचं ‘नाही’ मोजलं गेलं. औंधमध्ये ‘नाही’ म्हणायला रकानाच नव्हता.

आणखी एक तारीख. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत मसुदा मांडताना खेड्याच्या स्वायत्ततेच्या कल्पनेवर अत्यंत कडक शब्दांत टीका केली. खेडं म्हणजे त्यांच्या लेखी संकुचितपणा आणि जातीयतेचं आगर होतं, आणि त्यांनी घटनेचा घटक म्हणून गाव न घेता व्यक्ती घेतली. मॅडिसनपेक्षा त्यांना हे जास्त ठाऊक होतं. त्यांच्या बालपणाचा काही काळ साताऱ्यातच गेला. गांधीवाद्यांनी आरडाओरड केली आणि २२ नोव्हेंबर १९४८ ला, मॅडिसनच्या त्या लेखाच्या बरोबर १६१ व्या वाढदिवशी, ग्रामपंचायतींबद्दलचं कलम आत आलं. पण मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. म्हणजे सरकारनं करावं, नाही केलं तरी कोर्टात जाता येणार नाही. दोन्ही बाजू खेड्याबद्दल हिरिरीनं बोलत होत्या, आणि जिथं खेड्यांना खरंच पैसा आणि सत्ता देऊन नऊ वर्षं बघितलं होतं ते राज्य आठ महिन्यांपूर्वी बंद झालं होतं. गावातल्या बहुमतानं अल्पमताला चेपलं का, निम्मा महसूल कुणाच्या आळीत खर्च झाला, दलित वस्तीपर्यंत विहिरीचं पाणी गेलं का, हे सगळं औंध, कुंडल, आटपाडीत जाऊन मोजता आलं असतं. बाबासाहेबांचं म्हणणं तिथं कदाचित पुराव्यानिशी खरं ठरलं असतं. मी आजीला विचारलं होतं, पाच पंचांत कोण कोण होतं? तिनं चार आडनावं सांगितली. चारही एकाच जातीची. पाचवं तिला आठवत नाही.

०००

माणसांचं पुढं काय झालं ते थोडक्यात. बाळासाहेब पंत १९५१ मध्ये गेले. आप्पा पंतांना नेहरूंनी १९४८ मध्ये नैरोबीला पाठवलं, पूर्व आफ्रिकेतले भारताचे कमिशनर म्हणून. ज्या संस्थानाला शेजारच्या संस्थानाशी बोलायलाही रेसिडेंट लागायचा, तिथला माणूस वसाहतीतल्या इंग्रजांच्या नाकावर टिच्चून केनियाच्या पुढाऱ्यांशी दोस्ती करत होता, आफ्रिकन मुलांना भारतात शिष्यवृत्त्या मिळवून देत होता. इंग्रज वैतागले आणि १९५४ मध्ये आप्पा तिथून निघाले. पुढे सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, आणि १९६९ ते १९७२ लंडनला उच्चायुक्त. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत, कैद्यांना भिंतीशिवाय ठेवायचा औंधचा दुसरा प्रयोग, अजून आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ तिच्यावरून सुचला, आणि कथा लिहिली ती औंधच्या शाळेत शिकलेल्या गदिमांनी.

आणि आजीच्या माहेरी आता पाणी आलंय. हे सांगणं भाग आहे, कारण इथंपर्यंत वाचून मी छोट्या राज्याचा भगत आहे असं वाटेल. माणदेशातलं माणूस पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेलं, कुणी मुंबईच्या गिरणीत, कुणी सोन्याच्या गलाईसाठी थेट तमिळनाडू, केरळपर्यंत, कारण शेतात पिकत नव्हतं. तिथं कृष्णेचं पाणी आलं ते टेंभू योजनेतून, कऱ्हाडजवळून टप्प्याटप्प्यानं उचलून. ७२ गावांच्या राज्याला ही मोटार कधीच बसवता आली नसती. वीज त्याची नाही, नदी त्याची नाही, पैसा तर नाहीच. पणजोबांनी विहिरीचा गाळ काढला, पण विहिरीत पाणी आणणं त्यांच्या हातात नव्हतं. मोठं राज्य लागतंच.

पण मोठ्या राज्याला लहान जागेची आठवण राहत नाही, हेही मी बघतोय. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, कुंडलपासून फार लांब नसलेल्या देवराष्ट्र्यात जन्मलेले. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती आली आणि पंचायतींच्या निवडणुका वेळेवर घेणं घटनेनं बंधनकारक झालं. तरीही मार्च २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर कित्येक वर्षं प्रशासक बसले. आरक्षणाचा खटला, प्रभागरचना, कारणं खरी होती. पण सदस्य नव्हते. १९३८ मध्ये एका राजानं दिलेली गोष्ट, २०२२ मध्ये घटनेत लिहिलेली असूनही कोपऱ्यात पडून राहिली, आणि आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याबद्दल एक फॉरवर्डसुद्धा आला नाही.

त्या काळातल्या एका २६ जानेवारीच्या ग्रामसभेला मी गावात होतो. हे गाव माझं, आजीचं सासर. औंधच्या हद्दीत ते कधीच नव्हतं. मंडपात चाळीसेक माणसं, त्यातले निम्मे झेंडावंदनाच्या जिलेबीसाठी थांबलेले. विषयपत्रिकेत सात विषय. सहा वरून पाठवलेले, वाचून दाखवायचे आणि मंजूर. सातवा ऐनवेळचा. तेव्हा एक बाई उठली आणि शाळेच्या तिसऱ्या वर्गाच्या पत्र्याचं विचारलं, जो दोन पावसाळे गळतोय. भाऊसाहेब म्हणाले, ते आपल्याकडं येत नाही, वर कळवलंय. वर कोण आहे, तिनं विचारलं. साहेब आहेत, ते म्हणाले. आम्ही निवडून दिलेलं कोण आहे? त्यावर कुणीतरी मागून हसलं. भाऊसाहेबांनी वही मिटायला घेतली.

ती खाली बसली नाही. म्हणाली, “लिवा की मग. इचारलं म्हनून तरी लिवा.” भाऊसाहेबांनी वही परत उघडली, पेन शोधलं, आणि तिचं नाव विचारलं.